दोष माझ्या हाताचा नव्हता

"काकू, काही जणांचा हातच लागत नाही झाडांना. तुम्ही आपली तयार रोपं न्या."

हे वाक्य मला रोपा-बियांच्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं गेलं. त्या चारांतली एक आमच्याच सोसायटीतली. दुकानदार हे हसत हसत बोलला आणि वर चाळीस रुपयांचं मिरचीचं रोप माझ्यापुढे सरकवलं. मी ते घेतलं नाही. घरी पोचेपर्यंत माझे कान तापले होते. या गोष्टीला वर्ष होत आलं, तरी ते वाक्य मनातून जात नाही. या वर्षात मला अशाच पाच-सहा जणी भेटल्या, ज्यांची बी उगवली नाही आणि ज्यांनी "आपल्यालाच जमत नाही" म्हणून कुंड्या उपड्या करून ठेवल्या. मुख्यतः त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास मी त्या दुकानातून बियांचा एक संच आणला. मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी, कोथिंबीर आणि कारली यांची पाकिटं, कोकोपीटच्या दोन विटा, ९८ कप्प्यांचा काळा ट्रे आणि पाणी फवारायची बाटली. सगळे मिळून १,२४० रुपये. बियांची पाकिटं दुकानाबाहेरच्या फिरत्या स्टँडवर टांगलेली होती आणि त्यावर दुपारभर ऊन येत होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. बिल मागितलं, तर दुकानदारानं कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. मीही तीच घेऊन आले. ही चूक मला पुढे फार महागात पडली.

त्यानं सांगितलं तसं सगळं केलं. वीट बादलीत भिजवली, फुगली तशी ट्रेमध्ये भरली, एकेका कप्प्यात एकेक बी टाकलं, सकाळ-संध्याकाळ फवारा मारला. पुण्यात त्या दिवसांत हवा इतकी चांगली असते की थंडीला किंवा उन्हाळ्याला दोष द्यायची सोयच नाही. रोज चहाच्या आधी गॅलरीत जाऊन ट्रे बघायचा, हा नेम झाला. अठरा दिवस गेले. भेंडीची सात रोपं आली, त्यातली तीन मान टाकून आडवी झाली. कोथिंबिरीच्या दोन-चार काड्या आल्या. मिरची, वांगी आणि कारली यांचा पत्ताच नाही.

दुकानात गेले, तर म्हणाला, "पाणी जास्त झालं." उरलेल्यातलं थोडं बी मी पुन्हा पेरलं आणि पाणी मोजून दिलं. तीन आठवडे थांबून परत गेले, तर म्हणाला, "पाणी कमी पडलं असणार." मग ऊन कमी, मग ऊन जास्त, मग गॅलरीची दिशा. प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे उत्तर होतं, फक्त बियांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. मी विचारलं, "बी जुनं असेल का हो?" त्यावर ते हात न लागण्याचं वाक्य आलं.

मी दोन दिवस खरंच मानलं की माझ्याच हाताला गुण नाही. सासूबाईंच्या हातची तुळस आठवली, आईच्या परसातली वाल-घेवड्याची वेल आठवली, आणि आपल्याकडे ते आलं नाही असं वाटलं. हे म्हणाले, "सोडून दे, मंडईत दहा रुपयांना कोथिंबीर मिळते." प्रश्न कोथिंबिरीचा नव्हता.

मग नवरात्र आलं. आमच्याकडे घट बसतात. पत्रावळीवर काळी माती पसरली, गहू, ज्वारी, करडई वगैरे घरातलंच धान्य पेरलं आणि त्याच फवाऱ्याच्या बाटलीनं पाणी शिंपडलं. तिसऱ्या माळेपर्यंत काही दिसलं नाही. चौथ्या माळेला सकाळी झेंडूची माळ चढवायला वाकले, तर मातीच्या कडेला बारीक तडा गेलेला दिसला. डोळे जवळ नेले. तड्यात गव्हाचा पांढरा कोंब होता, सुईच्या टोकाएवढा. त्याच्या शेजारी आणखी एक. मग सगळीकडेच. संध्याकाळी आरतीच्या वेळी ते बोटाच्या अर्ध्या पेरापर्यंत वर आले होते आणि मातीची पातळ ढलपी डोक्यावर उचलून धरली होती. मी तिथेच देवघरासमोर बसून राहिले. हात माझाच होता, पाणी त्याच बाटलीतलं होतं. आणि आयुष्यभर दर आठवड्याला मी मटकीला मोड आणते आहे. ज्या बाईच्या फडक्यात मटकीचा एक दाणा वाया जात नाही, तिला उगवण जमत नाही हे मी ऐकून कसं घेतलं?

रात्री दादाला फोन केला. तो लातूर जिल्ह्यात शेती करतो. त्यानं आधी मला थंड केलं. म्हणाला, "गहू उगवला म्हणजे मिरचीचं बी खराब होतं असं सिद्ध होत नाही. गहू कुठंबी उगवतो. नीट उगवण तपास, मग भांड." २०२०च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला होता, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून त्याची दखल घेतली होती. दादाच्याही नशिबी त्या वर्षी दुबार पेरणी आली. तेव्हापासून तो विकतचं असो की घरचं, बी तपासल्याशिवाय पेरत नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची आणि आठवड्याभरानं मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त आले तर नेहमीच्या प्रमाणात पेरा, कमी आले तर बी वाढवा, फारच कमी आले तर ते बी पेरूच नका. शेतकऱ्याला जे कृषी खात्याचा माणूस दरवर्षी सांगतो, ते कुंडीत पेरणाऱ्याला कुणी सांगत नाही.

माझ्या पाकिटांत शंभर बिया नव्हत्याच. प्रत्येकी वीस घेतल्या. चार ताटल्या, चार ओले रुमाल, वर झाकण, आणि प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी. रुमाल सुकू द्यायचा नाही, पण त्यातून पाणीही गळू द्यायचं नाही. ताटल्या ओट्याच्या कोपऱ्यात, जिथे थंडीत आपण विरजण ठेवतो तिथे ठेवल्या, कारण मिरची-वांग्याला ऊब लागते, २५ ते ३० अंश. पाचव्या ताटलीत मी घरच्या डब्यातली वाळकी लाल मिरची फोडून तिच्या वीस बिया ठेवल्या. ही पाचवी ताटली सगळ्यात महत्त्वाची होती. हे कुणीही करावं: शंकेच्या बियांशेजारी खात्रीच्या बिया ठेवाव्यात, म्हणजे पाणी, ऊब, रुमाल यांचा दोष आपोआप बाजूला पडतो.

चौदा दिवस थांबले. पाकिटातल्या मिरचीच्या वीसांतून दोन आल्या. टोमॅटोच्या पाच. भेंडीच्या नऊ. वांग्याची एकही नाही, उलट दाबल्यावर त्या बिया आतून बुळबुळीत लागल्या. आणि माझ्या मसाल्याच्या डब्यातल्या मिरचीच्या वीसांतून तेरा! प्रमाणित बियाण्यासाठी सरकारनं ठरवलेली किमान उगवण मिरचीला ६० टक्के आहे, भेंडीला ६५, टोमॅटो आणि वांग्याला ७०. मला विकलेली मिरची दहा टक्के होती.

मग पाकिटं काढून बसले. कारल्याचं आणि कोथिंबिरीचं पाकीट म्हणजे नुसती पारदर्शक पिशवी, आत छापील चित्र आणि बॉलपेननं लिहिलेलं नाव. मिरचीचं पाकीट कंपनीचं होतं, पण मागच्या बाजूला बरोबर मजकुरावर दुकानाच्या किमतीचं स्टिकर. नखानं निघेना, कागद फाटायला लागला. खोबरेलाचं बोट फिरवलं, दहा मिनिटं ठेवलं, आणि कडेपासून हळूहळू सोडवलं. खाली उगवण टक्केवारी होती, लॉट नंबर होता, चाचणीची तारीख होती आणि त्याखाली वैधतेची तारीख. ती मी पाकीट विकत घेतलं त्याच्या चौदा महिने आधीच संपली होती.

ते पाकीट आणि रुमालांचे फोटो घेऊन मी तिसऱ्यांदा गेले. मी मोठ्यानं बोलले नाही. तारीख दाखवली. त्यानं पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "कंपनीला विचारा, आम्ही फक्त विकतो." मी म्हटलं, "स्टिकर कंपनीनं लावलं का?" त्यावर त्यानं माझ्याकडे पाठ केली आणि मुलाला हाक मारली, "काकूंना दुसरं पाकीट दे रे." मुलानं त्याच स्टँडवरचं, तसंच स्टिकर लावलेलं पाकीट काढून दिलं. चूक झाली, असे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडून आले असते तर मी पैसेही मागितले नसते.

तक्रार करायला गेले तेव्हा पहिला प्रश्न आला, "पक्कं बिल आहे का?" नव्हतं. तिथे माझी बाजू संपली. म्हणून आधी हेच सांगते: तीस रुपयांचं पाकीट असलं तरी बिल घ्या, आणि त्यावर वाण व लॉट नंबर लिहून घ्या. सगळं बी एकदम पेरू नका, थोडं पाकिटात ठेवा आणि रिकामं पाकीटही जपा. १९६६च्या बियाणे कायद्यानं लेबलावरची माहिती बंधनकारक केलेली आहे, जिल्ह्या-तालुक्याला बियाणे निरीक्षक असतात, आणि बियाण्याच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालतात हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ सालीच स्पष्ट केलं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पण कागद हातात नसेल तर यातलं काहीही कामाला येत नाही. चाचणीच्या तारखेपासून साधारण नऊ महिने लेबल वैध असतं, तेवढं दुकानातच मोजा. बियांना लाल-गुलाबी रंग दिसला म्हणजे बी ताजं, असं समजू नका. तो औषधाचा लेप असतो. ते बी हाताळल्यावर हात धुवा आणि ते स्वयंपाकघरातल्या डब्यांजवळ ठेवू नका.

आता कोकोपीटबद्दल. दुकानदारानं "भिजवा आणि भरा" एवढंच सांगितलं होतं. नारळाची सोडणं काथ्यासाठी पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजवतात आणि ते मीठ भुशात, म्हणजे कोकोपीटमध्ये, राहतं. माझ्या ट्रेच्या कप्प्यांच्या कडेला पांढरी पुटं चढली होती, ती मी बुरशी समजत होते. दादाच्या सांगण्यावरून एका वाटीत न धुतलेलं आणि एका वाटीत धुतलेलं कोकोपीट घेऊन घरची मेथी पेरली. न धुतलेल्यात मेथी उगवली, पण उपटून पाहिली तर मुळं खुरटलेली आणि टोकं करपल्यासारखी तपकिरी होती. धुतलेल्यात लांब, पांढरी, तंतुमय मुळं. तेव्हापासून मी वीट बादलीभर पाण्यात फुगवते, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात घालून पिळते, आणि असं तीनदा करते. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघतं. धुतलेल्या तीन वाट्यांना एक वाटी चाळलेलं गांडूळखत. कच्चं शेणखत अजिबात घालू नका.

पाण्याबद्दल त्या माणसानं दोन्ही बाजूंनी बोलून माझा गोंधळ केला होता. खरं उत्तर आपल्या शेतकऱ्यांच्या एका शब्दात आहे, वाफसा. माती ओली हवी, पण तिच्यात हवाही खेळती हवी, कारण बी श्वास घेतं आणि चिखलात ते गुदमरून कुजतं. भिजवलेलं कोकोपीट मुठीत दाबा. लाडू वळला पाहिजे, पण बोटांच्या फटींतून पाणी गळता कामा नये. त्या स्थितीला पेरा आणि उगवेपर्यंत ट्रेवर कागद किंवा ओलं पोतं झाका, म्हणजे दिवसातून दोनदा फवारावंच लागत नाही. पहिला कोंब दिसला की मात्र त्याच दिवशी झाकण काढा आणि ट्रे उजेडात न्या. एक दिवस उशीर झाला तरी रोपं दोऱ्यासारखी लांब होतात आणि मग सावरत नाहीत.

माझी भेंडीची तीन रोपं आडवी झाली होती, त्याला आपल्याकडे रोप कोलमडणं म्हणतात. देठ मातीलगत पाणचट, बारीक होतो आणि रोप मान टाकतं. हे बुरशीचं काम. एकदा पडलेलं रोप वाचत नाही, ते लगेच काढून टाका. पाणी सकाळी द्या, शक्यतो ट्रेखालच्या ताटलीतून द्या, वारा खेळू द्या. कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्मा नावाची उपयोगी बुरशी मिळते, ती पेरण्यापूर्वी मिश्रणात मिसळा. मी तेव्हापासून मिसळते आणि त्यानंतर फक्त दोन रोपं गेली.

माझ्याकडूनही काही राहिलं, ते सांगते. धने मी सबंध पेरले होते. एका धण्यात दोन बिया असतात, तो लाटण्यानं हलका रगडून दोन फाकी करायचा आणि रात्रभर भिजवायचा. अख्खा धणा उगवतो, पण रेंगाळत. कारल्याचं कवच फार टणक, त्याचं टोक नखकापणीनं जरासं कापून कोमट पाण्यात एक दिवस ठेवायचं. बी जेवढं जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरायचं, जास्त नाही. तुळस, पेट्युनिया यांचं भुकटीसारखं बारीक बी तर दाबायचंसुद्धा नाही, वरच ठेवून फवारायचं. लेट्यूस कडक उन्हाळ्यात उगवतच नाही, त्याला गारवा लागतो. हे सगळं मला आता माहीत आहे. पण कारल्याचं पाकीट विकताना "भिजवून लावा" एवढे दोन शब्द सांगायला त्या दुकानदाराला किती वेळ लागला असता?

मिरची उशिरा येते हेही लक्षात ठेवा. मेथी तीन दिवसांत, टोमॅटो आठवड्यात, पण मिरचीला साधारण दहा ते पंधरा दिवस लागतात, आणि पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात त्याहून जास्त. त्याआधी उकरून पाहू नका. कुणी डिसेंबरात मिरची पेरणार असेल तर ट्रे फ्रिजवर ठेवा. फळांच्या बियांचं वेगळं आहे: पपईच्या बियांवरचा पातळ पडदा चोळून धुवा, टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस आंबवून काढा, फणस, आंबा आणि कढीपत्त्याचं बी मुळीच वाळवू नका, ताजंच लावा. उरलेलं बी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत, सोबत कोरडे भाजलेले तांदूळ कापडात बांधून, फ्रिजमध्ये ठेवा. कांद्याचं बी मात्र पुढच्या वर्षावर ठेवू नका, त्याचा जीव वर्षभराचाच. आणि गॅलरीत पारवे येत असतील तर जाळी आधी लावा, बी नंतर पेरा. मुंग्या येऊ नयेत म्हणून ट्रे ज्यावर ठेवला असेल त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.

नवरात्र संपल्यावर मी कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून मिरचीचं बी आणलं. लेबल वाचून, तारीख बघून, पक्कं बिल घेऊन. तीच गॅलरी, तोच ट्रे, धुतलेलं कोकोपीट. वीसांपैकी सतरा रोपं आली, पहिलं नवव्या दिवशी. संक्रांतीला वाण म्हणून मी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मिरचीची रोपं दिली. त्या दिवशी दुकानात उभी असलेली आमच्या सोसायटीतली बाईही आली होती. तिच्या हातात मी स्वतः रोप दिलं. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही, पण मला बरं वाटलं.

परवा त्या दुकानावरून गेले. स्टँड तिथेच आहे, दुपारचं ऊनही तसंच त्यावर येतं, आणि पाकिटांच्या पाठीवर अजून स्टिकरं आहेत. तुमच्या भागात असा स्टँड दिसला तर पाकीट घेण्याआधी ते उलटं करा. स्टिकर असेल तर दुकानदाराला तिथेच ते काढायला लावा. त्यानं काढलं नाही, तर बी घेऊ नका.